फाईल फोडण्याआधी

मजकुराची फाईल वाचायची, तिचे शब्द वेगळे करायचे आणि कोणता शब्द किती वेळा आला ते मोजायचं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या सेमिस्टरला हा प्रोग्राम चुकत नाही. उत्तर दहा-बारा ओळींत बसतं. सरावाची फाईल इंग्रजी असते, प्रोग्राम चालतो, जर्नलवर सही होते आणि फाईल वाचणं हा विषय 'झाला'.

माझं रोजचं काम विदर्भातल्या लहान प्रकाशकांच्या आणि संस्थांच्या जुन्या फाईली घेऊन त्यांतून शोधता येईल असा मराठी मजकूर काढून देण्याचं. संध्याकाळी धरमपेठेत काही पोरं-पोरी माझ्याकडे प्रोग्रामिंग शिकायला येतात. त्यांना मी तोच दहा ओळींचा प्रोग्राम मराठी फाईलवर चालवायला लावते. थोड्याच वेळात ठरलेलं वाक्य येतं, "मॅडम, फाईल तर वाचून राहिली, पण हे काय दिसून राहिलं?" त्या 'काय'बद्दल जे जमा झालं ते खाली लिहिते आहे. मुद्दे कुठल्याही क्रमानं वाचा, फक्त पहिला पहिलाच ठेवा.

१. कोड लिहिण्याआधी फाईल उघडून बघा

डोळ्यांनी बघा, आणि न दिसणारी चिन्हंही दाखवणाऱ्या एडिटरमध्ये बघा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये त्यासाठी बटण आहे. विंडोजवर प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन चिन्हं असतात, लिनक्सवर एक. विंडोजवर तयार झालेली फाईल लिनक्सच्या सर्व्हरवर वाचली आणि ओळ फक्त एका चिन्हावर तोडली, तर दुसरं चिन्ह शेवटच्या रकान्याला चिकटून राहतं. पडद्यावर 'नागपूर' दिसतं, पण तुलना केली तर ते 'नागपूर' नसतं. पोरं अर्धा तास शुद्धलेखन तपासत बसतात.

तसंच फाईलच्या अगदी सुरुवातीला असतं. एक्सेल आणि जुनं नोटपॅड युटीएफ-८ फाईलच्या तोंडाशी तीन बाइटची एक खूण ठेवतात, बीओएम नावाची. ती दिसत नाही. पहिल्या रकान्याचं नाव 'नाव' असेल तर प्रोग्राम म्हणतो, 'नाव' नावाचा रकानाच नाही. बाकीचे सगळे रकाने सापडतात, पहिलाच सापडत नाही. असं झालं की संशय सरळ बीओएमवर घ्या. पायथॉनमध्ये फाईल उघडताना एन्कोडिंग म्हणून 'युटीएफ-८-सिग' दिलं की ती खूण आपोआप गळते.

२. एन्कोडिंग तोंडानं सांगा, अंदाजावर सोडू नका

युटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'नागपूर' माणसाला चार अक्षरं दिसतात. युनिकोडसाठी ती सहा चिन्हं आहेत, कारण काना आणि ऊकार वेगळे मोजले जातात. डिस्कवर ते अठरा बाइट आहेत. लांबी विचारली तर सी भाषा अठरा सांगेल आणि पायथॉन सहा. दोन्ही खरं बोलतात.

इंग्रजी विंडोजवर पायथॉनला फाईल उघडायला सांगितली आणि एन्कोडिंग दिलं नाही, तर तो बहुधा पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेला १२५२ क्रमांकाचा जुना तक्ता वापरतो. (नव्या आवृत्त्यांत हे बदलत चाललंय, पण ऑफिसांतले संगणक नव्या आवृत्तीची वाट बघत बसलेले नसतात.) त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. योगायोग असा की आपल्या ह्रस्व उकाराचा शेवटचा बाइट नेमका अशा एका रिकाम्या जागेवर पडतो, आणि पाय मोडण्याच्या चिन्हाचा, म्हणजे हलन्ताचाही. 'ए', 'ऐ' आणि 'झ' यांचं नशीबही तेच. दीर्घ ऊकार मात्र भरलेल्या जागेवर पडतो.

याचा परिणाम गमतीशीर होतो. फाईलमध्ये नुसतं 'नागपूर' असेल तर प्रोग्राम तक्रार न करता ती वाचतो आणि पडद्यावर रोमन 'ए'वर तिरकी रेघ, मधूनच जपानी येनचं चिन्ह, असा कचरा ओततो. फाईलमध्ये 'नागपुरात' असेल तर तोच प्रोग्राम एरर देऊन थांबतो. एकाची फाईल 'चालते', शेजारच्याची चालत नाही, आणि दोघांचा कोड अक्षर न अक्षर सारखा. थांबला तो प्रोग्राम बरा. न थांबता वाचणारा धोक्याचा, कारण तो कचरा पुढे डेटाबेसमध्ये जाऊन बसतो.

मोठी फाईल ४०९६ बाइटच्या घासांनी वाचायची सवय असेल तर तीही तपासा. ४०९६ला तीननं नि:शेष भाग जात नाही, म्हणून घासाच्या कडेला एखादं अक्षर मधोमध कापलं जातं आणि तिथे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवतं. बाइट मोजू नका, ओळीनं वाचा. मजकुराच्या फाईलला तेवढं पुरतं.

३. जुन्या फॉन्टची फाईल म्हणजे मराठी मजकूर नव्हे

विदर्भात काम करायचं तर यातून सुटका नाही. युनिकोड अंगवळणी पडण्याआधीची संगणकावरची बहुतेक छपाई श्रीलिपी, शिवाजी, आयएसएम आणि कृतीदेव अशा सॉफ्टवेअरांवर आणि फॉन्टांवर झाली. मध्य प्रदेश शेजारी असल्यानं आपल्याकडे कृतीदेवचा वावर जास्त. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं सरकारी मानक १९९१ सालीच ठरलं होतं, पण डीटीपीच्या दुकानात कोण विचारतो? तिथे फॉन्ट चालतो.

कृतीदेवमध्ये टाईप केलेलं 'नागपूर' फाईलच्या पोटात यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे अशा सहा रोमन अक्षरांत असतं. फॉन्ट लावला की मराठी दिसतं, काढला की रोमन. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. तुकडे पाडताना जे होतं ते मात्र बघावंच लागतं. या फॉन्टनं विरामचिन्हांच्या जागाही अक्षरांना वाटून टाकल्या आहेत. 'य' अर्धविरामाच्या जागी आहे, 'ए' स्वल्पविरामाच्या. 'द्य' त्या उभ्या दांडीच्या जागी आहे जिला आपण पाईप म्हणतो आणि रकाने वेगळे करायला वापरतो. 'ण' म्हणजे पूर्णविराम आणि के. 'ध' म्हणजे तिरकी रेघ आणि के.

आता यावर नेहमीचा प्रोग्राम चालवा. 'विद्यालय' पाईपवर तुटतं आणि त्याच्या शेवटच्या 'य'वर पुन्हा तुटतं. 'गणित' या शब्दाच्या मध्यात पूर्णविराम आहे, म्हणून वाक्यं वेगळी करणारा प्रोग्राम तिथे वाक्य संपवतो. 'वर्धा' लिहिलं की पोटात तिरकी रेघ, म्हणजे जिल्हानिहाय फाईली करायला हेच नाव वापरलं तर फोल्डरमध्ये फोल्डर तयार व्हायला बघतो.

म्हणून आधी रूपांतर, मग तुकडे. रूपांतराचेही नियम आहेत. लांब जोड्या आधी बदला, सुटी चिन्हं नंतर, नाहीतर 'ण'मधला पूर्णविराम आधीच पूर्णविराम होऊन बसतो. पहिली वेलांटी या फॉन्टांमध्ये व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, डोळ्यांना दिसते तशी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, उच्चारतो तशी. म्हणून 'दिवस'मधली वेलांटी उचलून 'द'च्या पुढे न्यावी लागते. जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षराच्या पुढे. रफाराचा प्रवास उलटा: 'वर्धा'तला रफार फॉन्टमध्ये काना झाल्यावर शेवटी येतो, तो 'ध'च्या आधी आणायचा.

आणखी एक. अशा फाईलमध्ये मधूनच खरे इंग्रजी शब्दही असतात. पोटात दोन्ही रोमनच. कोणतं रोमन खरं आणि कोणतं मराठीचं सोंग, हे फक्त फॉन्टचं नाव सांगतं. ते वर्डच्या फाईलमध्ये असतं, साध्या मजकुराच्या फाईलमध्ये नसतं. ग्राहकानं मदत म्हणून 'सेव्ह ॲज टेक्स्ट' करून पाठवलं की समजायचं, आता काम तिप्पट झालं.

४. तोडणारं फंक्शन नेमकं काय करतं ते वाचा

पायथॉनच्या स्प्लिटला कंसात काही दिलं नाही तर तो कितीही रिकाम्या जागा एक धरतो. कंसात एक रिकामी जागा दिली तर दोन जागांच्या मध्ये एक रिकामा शब्द तयार करतो. सीमधलं स्ट्रटोक लागोपाठचे विभाजक गिळून टाकतं. 'रामटेक, रिकामं, ४४११०६' अशा ओळीत मधला, तालुक्याचा रकाना मोकळा असेल तर पिनकोड तालुक्याच्या जागी सरकतो, आणि प्रोग्राम हूं की चूं करत नाही. शिवाय स्ट्रटोक मूळ ओळच कापून ठेवतं. जावातल्या स्प्लिटला विभाजक हा साधा मजकूर नसून पॅटर्न लागतो. पूर्णविराम तसाच दिला तर हाती काहीच येत नाही, पाईप तसाच दिला तर एकेक चिन्ह सुटं होतं.

आणि आपल्याकडच्या नोट्समधून पिढ्यानपिढ्या उतरत आलेलं ते 'फाईल संपेपर्यंत वाच' असं एफईओएफवालं लूप. फाईल संपली हे वाचायचा प्रयत्न फसल्यावरच कळतं, म्हणून शेवटची ओळ दोनदा मोजली जाते. एफगेट्सनं काय परत दिलं ते तपासा, एवढंच करायचं आहे. परीक्षेत कोणी विचारत नाही म्हणून ते लूप अजून जिवंत आहे.

५. 'मराठी' या शब्दाचे तुकडे 'मर' आणि 'ठ'

विरामचिन्हं नकोत, नुसते शब्द हवेत, म्हणून पोरं रेग्युलर एक्स्प्रेशन घेतात. बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे 'शब्दातलं चिन्ह', असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पायथॉनच्या रोजच्या मोड्यूलमध्ये ते चालवून बघा: 'मराठी' दिलं की 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे मिळतात. काना आणि वेलांटी गायब.

कारण साधं आहे. युनिकोडनं स्वर-व्यंजनांना 'अक्षर' या वर्गात ठेवलं आणि काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, हलन्त यांना 'खूण' या वेगळ्या वर्गात. पायथॉनचं ते मोड्यूल शब्दात अक्षरं आणि अंक धरतं, खुणा धरत नाही. पायथॉनला 'मराठी' हा शब्द अक्षरांनीच बनलेला आहे का, असं विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. खुणांना शब्दात न धरणारा नियम रोमन लिपीला बहुतेकदा पुरतो. आपल्या लिपीत खुणांशिवाय वाक्य उभं राहत नाही.

उपाय दोन. 'रेजेक्स' नावाचं दुसरं मोड्यूल वापरा, ते खुणांनाही शब्दात धरतं. किंवा पॅटर्नमध्ये अक्षर, खूण आणि अंक हे तिन्ही वर्ग स्वतः लिहा. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये अवस्था आणखी वाईट. तिथे तो डब्ल्यू काही न सांगता वापरला तर देवनागरी ओळखतच नाही. निदान तिथे चूक लपत नाही, यादी मोकळी येते.

६. विरामचिन्ह दिसलं म्हणून तोडू नका

'दुःख' हा शब्द शंभरातले किती जण खऱ्या विसर्गानं टाईप करतात? बहुतेक फाईलींमध्ये तिथे अपूर्णविराम असतो, इंग्रजी कोलन. 'स्वत:', 'अंत:करण', 'प्रात:काळ' यांचंही तसंच. कोलनवर तोडलं की दु:खाचे 'दु' आणि 'ख' होतात. आधी एक नियम चालवा: कोलनच्या डाव्या बाजूला लगेच देवनागरी अक्षर असेल आणि उजव्या बाजूलाही, तर तो विसर्ग करा. 'स्वत:'सारख्या शब्दांत उजवीकडे जागा असते, त्यांची छोटी यादी हातानं करावी लागते. 'वेळ:' किंवा 'पत्ता:' असं लिहिणारेही असतात, त्यामुळे सरसकट नियम इथे टिकत नाही.

पूर्णविरामाचं दुखणं आणखी मोठं. मराठी माणसाला नावाची आद्याक्षरं लिहायची हौस आहे. ग. त्र्यं. माडखोलकर, वि. भि. कोलते, रा. तु. म. नागपूर विद्यापीठ. पूर्णविरामावर वाक्य तोडलं की 'ग' हे एक वाक्य, 'त्र्यं' हे दुसरं. डॉ., ॲड., रु., कि. मी. यांची यादी करा, आणि वर एक नियम जोडा: पूर्णविरामाच्या आधी एकच अक्षर असेल तर तिथे वाक्य संपलेलं नाही. 'ये.' किंवा 'जा.' अशी एकाक्षरी वाक्यं संवादात येतात आणि या नियमात मार खातात. मी तेवढा मार सोसते. कथा-कादंबरीची फाईल असेल तरच वेगळा विचार करते.

७. न दिसणारं चिन्ह कचरा समजून पुसू नका

फाईल 'साफ' करण्याचा उत्साह फार वाईट. इंग्रजीवरून उचललेल्या सफाईच्या कोडमध्ये सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकायची ओळ असते. त्यात जोडणारं अदृश्य चिन्ह, झेडडब्ल्यूजे, हेही जातं.

'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाईप होतो. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जेनं नुक्त्याचा र घेऊन त्याचा पाय मोडतात. हा एक मार्ग. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्यापुढे ते अदृश्य चिन्ह ठेवतात, हा दुसरा. दिसायला दोन्ही एकच. अदृश्य चिन्ह पुसलं की दुसऱ्या मार्गानं टाईप केलेल्या 'दऱ्या' 'दर्या' होतात. मेळघाटावरच्या एखाद्या लेखात सातपुड्याच्या दऱ्यांऐवजी समुद्र येतो, आणि स्पेलचेकर गप्प राहतो, कारण 'दर्या' हाही खराच शब्द आहे. 'आचाऱ्यांना' जेवणाचे पैसे द्यायचे असतात ते 'आचार्यांना' जातात.

म्हणून पुसायचं नाही, एकसारखं करायचं. दोन्ही रूपांचं एक रूप ठरवा आणि तुकडे पाडण्याआधी अख्खी फाईल त्या रूपात आणा. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन इथे अर्धंच काम करतं. सुटा नुक्ता जोडून ते ऱ तयार करतं, पण अदृश्य चिन्हाच्या मार्गाला हात लावत नाही.

अशीच दुसरी डोकेदुखी 'ॲ'ची. हे अक्षर युनिकोडमध्ये आलंच मुळी २००८ साली. त्याआधी लोकांनी हिंदी वळणाचं 'ऍ' वापरलं, कोणी अ आणि वर अर्धचंद्र ठेवला, कोणी त्या दोघांत अदृश्य चिन्ह घातलं. चारही रूपं आजच्या फाईलींत सुखानं नांदतात. नागपुरात हायकोर्टाचं खंडपीठ असल्यानं 'ॲड.' लावलेली नावं आपल्याकडच्या प्रत्येक निमंत्रण-यादीत भरपूर. एकसारखेपणा न आणता मोजणी केली तर एकच वकील चार ठिकाणी हजर.

८. मराठीत रिकाम्या जागेवर तोडून 'शब्द' हाती येत नाही

हिंदीत 'नागपुर में', 'नागपुर से', 'नागपुर का'. तिथे रिकाम्या जागेवर तोडलं की शहराचं नाव वेगळं निघतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो: नागपूरला, नागपूरहून, नागपुरात, नागपुरातल्या, नागपुरातल्यांनासुद्धा. मोजणी करणारा प्रोग्राम ही सगळी वेगवेगळी गावं समजतो. आणि 'नागपूर'नं सुरू होणारे सगळे शब्द धरावेत म्हटलं, तर दीर्घ ऊकार ह्रस्व होऊन बसलेला असतो, त्यामुळे 'नागपुरात' निसटतो.

मग पोरं प्रत्ययांची यादी करतात आणि शेवट कापत सुटतात. 'ला' कापला की 'नागपूरला' बरोबर सुटतो. पुढची ओळ अकोल्याची असते आणि हाती 'अको' येतं. 'त' कापला तर 'भारत'चा 'भार' होतो. 'ने' कापला तर 'सोने'चं 'सो'. प्रत्यय कापायचा तो कापल्यावर उरलेला भाग शब्दकोशात किंवा सामान्यरूपांच्या यादीत असेल तरच. 'अकोल्याला'मधून 'अकोल्या' काढून त्याचं 'अकोला' करणं ही पुढची पायरी, आणि तिला व्याकरण लागतं, कोड नंतर. मोरो केशव दामल्यांचं व्याकरण टेबलावर असावं, असं मी प्रोग्रामिंग शिकायला आलेल्या पोरांना सांगते तेव्हा ती एकमेकांकडे बघतात.

त्यात आपली वऱ्हाडी. 'मले', 'तुले', 'नागपूरले', 'पोट्ट्यायले'. तयार साधनं बहुतेक छापील प्रमाण मराठीवर घडलेली, त्यांना हा 'ले' ठाऊक नसतो. तो यादीत घातला की 'झाले', 'गेले', 'आले' यांची मुंडकी उडतात. यावर सुटसुटीत तोड नाही. मी फाईल कोणत्या बोलीची आहे ते आधी ठरवते आणि 'ले' फक्त बोलीच्या फाईलला लावते, तोही क्रियापदांची यादी आड ठेवून. बोलीतला मजकूर गोळा करणाऱ्यांनी फाईलच्या नावातच बोलीचं नाव लिहिलं तर पुढच्यावर उपकार होतील.

९. आकड्यांतला स्वल्पविराम

'१,२५,००० रुपये' यात विभाजक एकही नाही. पत्त्यात 'रामदासपेठ, नागपूर' असतं तिथेही नाही. सीएसव्ही फाईल स्वल्पविरामावर हातानं तोडू नका, तिच्यासाठी तयार वाचक आहेत, अवतरणांतला स्वल्पविराम त्यांना कळतो. आणि नागपूरचा ०७१२ हा एसटीडी कोड एक्सेलमधून गेला की ७१२ होऊन परत येतो. दूरध्वनीचा रकाना संख्या म्हणून नव्हे, मजकूर म्हणून आयात करा. देवनागरी आकड्यांची मात्र भीती बाळगू नका. पायथॉनला '४४००१०' असं मराठीत लिहून संख्या करायला सांगितलं तरी तो निमूट करतो.

१०. रिकामी जागा ही छापखान्याची देणगी

नागपूरकर भोसल्यांच्या काळातले मोडी कागद बघितले आहेत का? आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायची. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे आता असा मजकूर फाईलमध्ये टाईप करता येतो. पण स्प्लिट चालवलं तर अख्खी ओळ एक टोकन, म्हणजे एकच तुकडा.

महानुभावांच्या पोथ्यांतही मजकूर सलग, शिवाय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झालं. आज त्यातली एखादी लीळा टाईप करून तिचे शब्द मोजायचे तर ते मिळतात, कारण तो सलग मजकूर कुठे तोडायचा हे कोणीतरी अर्थ लावून आधीच ठरवलेलं आहे. असा मजकूर वाचताना प्रत्येक रिकामी जागा हा संपादकाचा निर्णय आहे हे लक्षात ठेवा. दुसऱ्या संपादकानं ती एक अक्षर पुढे ठेवली असेल तर तुमची मोजणी बदलते, आणि त्यात कोड दोषी नसतो.

छापील जुनी पुस्तकं स्कॅन करून टेसरॅक्टसारख्या साधनानं मजकूर काढला तर वेगळी भानगड. ओळ संपताना छापखान्यानं 'विद्या-' लिहून 'पीठ' पुढच्या ओळीत ढकललेलं असतं. ओळीनं वाचणारा प्रोग्राम दोन शब्द करतो. ओळीच्या शेवटी संयोगचिन्ह दिसलं तर पुढची ओळ जोडून बघा, आणि जोडलेला शब्द त्याच पुस्तकात इतरत्र सापडला तरच जोड कायम करा. नाहीतर 'आई-वडील'चे 'आईवडील' होतात. ते निदान वाचता येतं.

११. टोकन म्हणजे आता शब्दही राहिला नाही

पोरांना आता भाषेच्या मोठ्या मॉडेल्सवर काम करायचं असतं, तिथे टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. हे तुकडे पाडायची पद्धत मूळची फाईल दाबून लहान करण्याची: शेजारी शेजारी वारंवार येणारी जोडी शोधायची, तिला एक चिन्ह द्यायचं, पुन्हा शोधायचं. १९९४ साली फिलिप गेज यांनी ती मांडली आणि २०१६च्या सुमाराला यंत्रभाषांतराच्या लोकांनी उचलली. 'नागपुरातल्यांनासुद्धा'सारख्या शब्दाला ती तत्त्वतः फार सोयीची, कारण 'नागपुरा', 'तल्यां', 'ना', 'सुद्धा' असे तुकडे आपोआप पडू शकतात.

पण जोड्या कोणत्या वारंवार येतात हे शिकवायला वापरलेल्या मजकुरावर ठरतं. २०१९च्या जीपीटी-२ची टोकनांची यादी ५०,२५७ची, आणि तिचा मजकूर जवळजवळ सगळा इंग्रजी. तिथे मराठी शब्द तर सोडाच, एकेक चिन्हही अनेकदा बाइटच्या तुकड्यांत फुटतं. नंतरच्या याद्यांत सुधारणा आहे, भारतीय भाषांसाठी मुद्दाम केलेल्या याद्याही आहेत. तरी वापरण्याआधी एक साधी चाचणी करा: मराठीचं एक पान आणि त्याच पानाचं इंग्रजी, दोन्हींची टोकनं मोजा. बऱ्याच सेवा पैसे टोकनावर लावतात. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. एवढ्यांच्या भाषेसाठी यादी वाईट पाडली तर जादाचं बिल त्यांनाच येतं. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ते बदलायचं तर आधी शुद्ध, एकसारखा केलेला मराठी मजकूर भरपूर हवा. म्हणजे वरचे दहा मुद्दे पुन्हा आलेच.

१२. मूळ फाईल जपा

हा मुद्दा प्रोग्रामरपेक्षा डीटीपीवाल्यांना, छोट्या प्रकाशकांना आणि ज्यांच्या कपाटात जुन्या सीडी पडल्या आहेत त्या सगळ्यांना. सीताबर्डीपासून महालापर्यंत कितीतरी छापखान्यांनी पुस्तकं, स्मरणिका, दिवाळी अंक जुळवले. त्या फाईली 'उघडत नाहीत' म्हणून पुसू नका. साधा मजकूर करून ठेवू नका, फॉन्ट बदलून सेव्ह करू नका. आहे ती फाईल तशीच ठेवा, ज्या फॉन्टमध्ये जुळवली तो फॉन्ट त्याच फोल्डरमध्ये कॉपी करा, आणि शेजारी एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: फॉन्टचं नाव, सॉफ्टवेअरचं नाव, साल. एवढं असेल तर आतला मजकूर बाहेर काढता येतो.